वरातीत वाजतं 'गुलाबी साडी', मग पैसे येतात कुठून?

मे महिन्यात कराडजवळ एका मित्राच्या लग्नाला गेलो होतो. वरात निघाली, डॉल्बी लागला आणि दीड तासात 'गुलाबी साडी' चार वेळा वाजलं. नवरदेवाच्या आत्यापासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे नाचले. बेस इतका होता की शेजारच्या दुकानाचं शटर थरथरत होतं. त्या गर्दीत माझा तासगावचा मावसभाऊ कानाजवळ येऊन ओरडला, "दादा, आत्ता संजू राठोडला किती पैसे मिळाले असतील?"

उत्तर आहे शून्य. गाणं पेनड्राइव्हवरून वाजत होतं, म्हणजे कुठल्याही ॲपमध्ये त्याची नोंद झाली नाही. शिवाय भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार लग्नाच्या विधीत, वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणं वाजवलं तर तो हक्कभंग धरत नाहीत. आपल्या साताऱ्या-सांगलीत गाणं 'हिट' झालं की नाही हे आपण डॉल्बीवरून ठरवतो, आणि नेमकं तिथूनच गाण्याला थेट रुपया येत नाही.

भावाचा प्रश्न गंमत म्हणून नव्हता. त्यानं स्वतः एक रॅप केला होता आणि त्याचे पैसे भलतीकडेच गेले होते. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी 'गुलाबी साडी'चं गणित बघू, म्हणजे भावाचं कुठं चुकलं ते नीट कळेल.

गाण्यातच रीलची ऑर्डर

संजू राठोड जळगाव जिल्ह्यातला. 'गुलाबी साडी' फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, संगीत जी-स्पार्कचं, व्हिडिओत प्राजक्ता घाग. कुठला सिनेमा नाही, टीव्हीवरचा रिॲलिटी शो नाही. तरी यूट्यूबवर दहा कोटींचा टप्पा त्यानं केव्हाच ओलांडला. माधुरी दीक्षितनं त्यावर रील केलं आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या होर्डिंगवरही ते झळकलं. (होर्डिंगवर झळकल्यामुळे गाणं हिट होत नसतं बरं का, हिट झालं म्हणून ते तिथं जातं. आपल्याकडे बातम्या उलट्या क्रमानं सांगतात.)

'चाल भारी आहे म्हणून चाललं' हे कारण पुरेसं नाही, भारी चालीची गाणी खूप पडून आहेत. मला यात एक साधी गोष्ट दिसते. गाण्यातली नायिका साडी नेसते, नटते आणि फोटो काढायला सांगते. म्हणजे रीलमध्ये काय करायचं ते गाण्यातच लिहून ठेवलंय. त्याला लागणारं सामान जवळपास प्रत्येक मराठी घरात कपाटात आहे. डान्स यायची गरज नाही, महागडा कॅमेरा नको. बायको करू शकते, आजी करू शकते, हळदीला जमलेल्या पंधरा जणी मिळून करू शकतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर वापरणाऱ्याला सुरुवात करायला काहीच अडचण नाही.

मधल्या काळात प्लॅटफॉर्मही बदलले होते. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं आणि डेटा स्वस्त झाला. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केलं. तेव्हापासून गाणं 'ऐकायची' गोष्ट कमी आणि 'वापरायची' गोष्ट जास्त झालं.

इथं एक तांत्रिक बाब बघा. रीलखाली गाण्याचं नाव येतं, त्यावर बोट ठेवलं की त्या ऑडिओचं स्वतंत्र पान उघडतं आणि तो ऑडिओ वापरलेली सगळी रील्स तिथं एकत्र दिसतात. ते पान गाण्याच्या अधिकृत आवृत्तीचं असेल तर लोक तिथून मूळ गाण्यापर्यंत पोचतात आणि इन्स्टाग्रामच्या मूळ कंपनीनं म्युझिक कंपन्यांशी केलेल्या करारातला हिस्साही हक्कदाराकडे येतो. पण तुम्ही गाणं अधिकृतपणे दिलंच नाही आणि कुणीतरी ते स्क्रीन रेकॉर्ड करून टाकलं, तर पानावर 'ओरिजिनल ऑडिओ' म्हणून त्याचं नाव येतं. मग पुढची हजारो रील्स त्याच्या नावाखाली जमा होतात. गाणं गावभर गाजतं आणि गाणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं, असं बऱ्याचदा यामुळेच घडतं.

एका स्ट्रीमला किती?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि याचं ठरलेलं उत्तर नाही, कारण रेटकार्ड असं काही नसतंच. स्पॉटिफायचं उदाहरण घेऊ. गाणं किमान ३० सेकंद ऐकलं तर एक स्ट्रीम मोजतात. कंपनीकडे आलेल्या पैशातला साधारण दोन तृतीयांश हक्कदारांना वाटायला ठेवतात आणि तो एकूण ऐकण्यातल्या वाट्यानुसार विभागतात. समजा एका महिन्यात वाटायला १०० रुपये आहेत आणि सगळी गाणी मिळून १,००० स्ट्रीम झाले. तुमचे त्यातले १० असतील तर तुम्हाला १ रुपया. पुढच्या महिन्यात लोकांनी दुप्पट गाणी ऐकली, पण पैसा तेवढाच आला, तर तुमच्या त्याच १० स्ट्रीमचे ५० पैसे.

हा हिशेब देशनिहाय होतो. भारतात सबस्क्रिप्शन स्वस्त आहे आणि फुकट ऐकणारे भरपूर, म्हणून इथल्या एका स्ट्रीमला कमी येतात. तेच गाणं न्यू जर्सीतल्या एखाद्या सातारकरानं महिन्याचे डॉलर भरून ऐकलं तर जास्त येतात. मराठी गाणं परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत पोचलं की नुसती कॉलर ताठ होत नाही, हिशेबातही फरक पडतो.

२०२४ पासून आणखी एक अट आहे. मागच्या १२ महिन्यांत एखाद्या गाण्याला १,००० स्ट्रीम नसतील तर स्पॉटिफाय त्याचे रेकॉर्डिंगचे पैसे देत नाही. नव्या पोरांना हे माहीत नसतं आणि 'माझे सहाशे स्ट्रीम झाले, पैसे का नाहीत' म्हणून डिस्ट्रिब्युटरला मेल टाकत बसतात.

यूट्यूबचं गणित जाहिरातींवर चालतं. मॉनेटायझेशन चालू असलेल्या साध्या चॅनेलला लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के मिळतात. शॉर्ट्समध्ये आधी गाण्याचा वाटा बाजूला काढतात. एका शॉर्टमध्ये एक गाणं वापरलं असेल तर त्याच्या वाट्याची निम्मी रक्कम संगीताकडे जाते, उरलेली क्रिएटर्सच्या गल्ल्यात, आणि त्यातून त्यांना ४५ टक्के. म्हणजे कुणीतरी शेतात ट्रॅक्टरवर बसून तुमच्या गाण्यावर शॉर्ट केला की त्याचा थोडा हिस्सा तुमच्याकडे यायला हवा. यायला हवा म्हणतोय, कारण गाणं तुमचंच आहे हे यूट्यूबला माहीत असेल तरच.

हे माहीत कसं होतं?

इथं कंटेंट आयडी येतो. यूट्यूबनं ही यंत्रणा २००७ मध्ये आणली. ती गाण्याचं नाव वाचत नाही, गाणं ऐकते. ऐकते म्हणजे ऑडिओचे बारीक तुकडे करते, प्रत्येक तुकड्यात कुठल्या फ्रिक्वेन्सी जोरात आहेत ते बघते आणि त्याचा एक ठसा साठवून ठेवते. जत्रेच्या गर्दीत पाठमोऱ्या चुलत्याला आपण चालीवरून ओळखतो ना, तसं. नवा व्हिडिओ आला की त्याचा ठसा काढायचा आणि साठवलेल्या ठशांशी ताडून बघायचा. वेग थोडा वाढवला, वर ढोल घातला, मध्ये डीजेनं स्वतःचं नाव ओरडून टाकलं, तरी बऱ्याचदा सापडतं.

सापडल्यावर हक्कदाराकडे तीन पर्याय असतात: व्हिडिओ अडवायचा, नुसती आकडेवारी बघत राहायचं, किंवा जाहिराती लावून पैसे आपल्याकडे घ्यायचे. यूट्यूबच्याच अहवालांनुसार ९० टक्क्यांहून जास्त वेळा हक्कदार तिसरा पर्याय निवडतात. त्यामुळे आपल्याकडचे डीजे चालू गाण्याचं रिमिक्स करून चॅनेलवर टाकतात, तेव्हा बहुतेक वेळा ते उडवलं जात नाही. डीजेला नाव मिळतं, पुढच्या गणपतीच्या सुपाऱ्या मिळतात आणि जाहिरातीचे पैसे मूळ गाण्याकडे जातात. डीजे हा एक प्रकारे बिनपगारी सेल्समन झाला. वरातीत शून्य रुपये मिळवणारं गाणं दुसऱ्या दिवशी त्याच वरातीच्या यूट्यूब व्हिडिओवर कमाई करतं, ते असं.

तासगावचा बेदाणा रॅप

आता भावाची गोष्ट. त्यानं द्राक्ष बागायतदारांवर रॅप लिहिला होता. छाटणी, औषधाचे फवारे, ऐन वेळचा अवकाळी पाऊस, मग बेदाण्याचे सौदे. घरचाच विषय, त्यामुळे शब्द खरे होते. (हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. मला रॅपमधलं फार कळत नाही, पण आमच्या मावशीनं ऐकून डोळे पुसले आणि तिला तर त्यातलं काहीच कळत नाही.) सांगलीत एका छोट्या स्टुडिओत आवाज रेकॉर्ड केला, बागेत व्हिडिओ शूट केला आणि गाणं टाकलं. दोन आठवड्यांत तासगाव, कवठेमहांकाळ, पलूसकडच्या पोरांच्या स्टेटसला तेच. व्ह्यू लाखाच्या पुढे गेले.

बीट मात्र त्यानं यूट्यूबवरून घेतली होती. शीर्षकात 'फ्री' लिहिलेली. खाली वर्णनात बारीक अक्षरात लिहिलं होतं की कमाई करायची नसेल तरच फ्री, नाहीतर लायसन्स घ्या. ते त्यानं वाचलं नाही. खरं सांगायचं तर मीही वाचलं नसतं.

तीच बीट आणखी एका रॅपरनं आधी वापरली होती. त्यानं आपलं गाणं डिस्ट्रिब्युटरकडे देताना कंटेंट आयडीच्या चौकोनात टिक केली. झालं, मशीनकडे त्या बीटचा ठसा त्याच्या नावावर जमा झाला. भावाचं गाणं वर चढलं तसं मशीननं ओळखलं आणि आपोआप क्लेम लावला. मशीन चुकलं नव्हतं, बीट खरंच तीच होती. चुकीचं होतं ते टिक करणं. जी बीट दहा जणांना मिळू शकते तिच्यावर केलेलं गाणं कंटेंट आयडीत टाकायचंच नसतं, बहुतेक डिस्ट्रिब्युटरांच्या नियमांत ते लिहिलेलं असतं.

क्लेमचा मेल प्रमोशनच्या टॅबमध्ये पडून राहिला. भावानं तो अकराव्या दिवशी बघितला आणि मला फोन केला, "दादा, गाणं माझं, बाग आपली, मग पैसे त्याला का?"

यूट्यूबचा नियम असा: क्लेम आल्यापासून पाच दिवसांच्या आत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला ठेवतात आणि निकाल लागेल त्याला देतात. पाच दिवसांनंतर घेतली तर हरकत घेतल्या दिवसापासूनचीच बाजूला ठेवतात. त्याआधीची गेली. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. गाणं सगळ्यात जोरात चाललं ते पहिल्या दहा दिवसांत, आणि ते दिवस गेले होते.

बरं, हरकत तरी कशाच्या जोरावर घेणार? लायसन्स भावाकडेही नव्हतं. शेवटी बीट बनवणाऱ्याला मेल केला, पैसे भरून रीतसर लायसन्स घेतलं, त्याची पावती जोडून हरकत टाकली आणि चारेक आठवड्यांनी क्लेम सुटला. तोवर लोक पुढच्या गाण्यावर गेले होते.

बीट भाड्यानं घेण्यात कमीपणा काहीच नाही. लिल नास एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत २०१९ मध्ये सलग १९ आठवडे पहिलं होतं. त्याची बीट यंगकिओ नावाच्या नेदरलँड्समधल्या पोराकडून ऑनलाइन ३० डॉलरला घेतलेली. त्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या बँडच्या एका जुन्या तुकड्याचा सॅम्पल होता. गाणं मोठं झाल्यावर तो हक्क मिटवावा लागला आणि त्या बँडच्या दोघांची नावं श्रेयात आली. त्यांच्याकडे वकील होते, आमच्याकडे मी होतो.

व्ह्यू विकत घेऊन चालतं का?

क्लेमच्या भानगडीत भावाला एक 'प्रमोशनवाला' भेटला. पॅकेज घ्या, आठवड्यात पाच लाख व्ह्यू. असे मेसेज तुमच्यातल्या कुणी गाणं टाकलं असेल तर आलेच असतील.

मोठे लोकही या मोहात पडतात, फक्त त्यांची पद्धत उघड असते. जुलै २०१९ मध्ये बादशाहच्या 'पागल' गाण्यानं २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यू मिळवले. त्याआधीचा विक्रम बीटीएस या कोरियन ग्रुपचा होता. पण त्यातले बरेच व्ह्यू जाहिरात म्हणून दाखवलेल्या व्हिडिओचे होते. यूट्यूबनं विक्रम म्हणून ते जाहीर केलं नाही आणि सप्टेंबर २०१९ मध्ये नियम बदलला: २४ तासांच्या विक्रमात पैसे देऊन मिळवलेले जाहिरातीचे व्ह्यू धरायचे नाहीत.

ते निदान खरे लोक होते. पॅकेजवाल्याकडे बहुतेक वेळा बॉट असतात. व्ह्यू मोजणं म्हणजे नुसतं एक मिळवणं नव्हे, तो व्ह्यू माणसाचा आहे का हे तपासणं हे खरं काम. जुन्या लोकांना आठवत असेल, यूट्यूबचा आकडा '३०१' वर येऊन थांबायचा. तेवढ्या व्ह्यूनंतर तपासणी सुरू व्हायची आणि तोवर आकडा गोठवलेला असायचा. ऑगस्ट २०१५ मध्ये ते बंद केलं, पण तपासणी चालूच आहे. खोटे व्ह्यू कापले जातात. स्पॉटिफाय तर खोटे स्ट्रीम उघड झाले की गाणं देणाऱ्या लेबलला किंवा डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं, आणि डिस्ट्रिब्युटर मग तुमचं गाणंच काढून टाकू शकतो. म्हणजे पैसे देऊन गाणं घालवायचं.

मोजण्यावरून आठवलं, सायच्या 'गंगनम स्टाइल'चे व्ह्यू डिसेंबर २०१४ मध्ये २,१४,७४,८३,६४७ च्या पलीकडे गेले. ३२ बिटच्या पूर्णांकात याच्यापुढे आकडा मावत नाही. यूट्यूबला काउंटर ६४ बिटचा करावा लागला. कॉलेजमध्ये आम्हाला इंटिजर ओव्हरफ्लो शिकवताना सरांनी हेच उदाहरण दिलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं!

मग मोठा पैसा कुठं असतो?

स्टेजवर. कार्यक्रम, ब्रँडचे करार, कॉलेजचे गॅदरिंग, मोठी लग्नं. वरातीत गाणं वाजवायचे पैसे लागत नाहीत, पण गाणाऱ्याला बोलवायचं तर मानधन द्यावंच लागतं. स्ट्रीम आणि रील्स हे बऱ्याच अंशी त्या सुपारीचं व्हिजिटिंग कार्ड असतं. आणि हे आपल्याकडे नवीन नाही. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव लावण्या लिहायचे आणि फड घेऊन गावोगाव फिरायचे. शब्द आधी गाजायचे, तिकीट नंतर खपायचं. फक्त तेव्हा मध्ये अल्गोरिदम नव्हता.

दुसरा रस्ता म्हणजे मोठं लेबल. 'तांबडी चामडी' हे क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकरचं गाणं २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं. ही नेदरलँड्सची डान्स म्युझिकमधली मोठी कंपनी, २०१७ पासून वॉर्नर म्युझिककडे आहे. हाउस म्युझिकच्या ठेक्यावर मराठी रॅप, क्रेटेक्स त्याला 'एम-हाउस' म्हणतो. (कोल्हापूरच्या एका मित्रानं नाव ऐकून आधी विचारलं की पांढऱ्या रश्शावर कधी येणार.) अशा लेबलमुळे गाणं परदेशातल्या डीजेंच्या प्लेलिस्टपर्यंत जातं. एकसारखा ठेका असल्यानं त्यांना ते पुढच्या-मागच्या गाण्याला जोडणंही सोपं जातं. त्या बदल्यात लेबल कमाईत वाटा घेतं.

इथल्या पोरांना लेबलची ऑफर येते ती वेगळी असते: एकरकमी पैसे घ्या, गाणं आमचं. अडचण असते, हातात रोख येते, पोरं सही करतात. एक गोष्ट माहीत असू द्या. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानं सोडून देता येत नाही. रेकॉर्डिंग विकलं तरी तुम्ही लिहिलेल्या शब्दांची रॉयल्टी तुमच्याकडे राहते. ती गोळा करणारी संस्था म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९ पासूनची. पण सदस्य होऊन गाण्याची नोंद तुम्हालाच करावी लागते, घरी येऊन कुणी देत नाही. आणि रेकॉर्डिंगचा मालक म्हणून जे असतं ते विकलं की विकलं.

भावाला मी शेवटी तीन कामं लावली. गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत इन्स्टाग्राम आणि बाकी ॲप्सवर अधिकृतपणे टाक, म्हणजे त्याला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरांचा ओळख क्रमांक मिळतो. रेकॉर्डिंगचा तो आधार नंबर समज, आणि पुन्हा टाकताना तोच वापर, नाहीतर आकडे दोन ठिकाणी विभागले जातात. बीट देणाऱ्याशी, व्हिडिओ काढणाऱ्याशी, सोबत गाणाऱ्याशी कुणाचे किती टक्के ते गाणं टाकायच्या आधी लिहून घे, साध्या व्हॉट्सॲप मेसेजवर का असेना. आणि मेलचा प्रमोशन टॅब रोज बघ.

तिसरं काम तो अजून करत नाही. पण पुढच्या गाण्याची बीट त्यानं डाउनलोड केलेली नाही. मिरजेतला त्याचा एक मित्र सतार शिकतो, त्याच्याकडून दोन ओळींचा तुकडा वाजवून घेतलाय आणि टक्केवारी ठरवलीय साठ-चाळीस. विषय यावेळी ऊसतोडीचा आहे. परवा कच्चं रेकॉर्डिंग पाठवलंय, सतार जरा जास्त जोरात झालीय.